एक सोर्स, अनेक यंत्रे: बिल्ड कॉन्फिगरेशनची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याच्या घरच्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज असते आणि कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू. एकाच मुक्त-स्रोत प्रकल्पाचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्राम, तो दोन्हीकडे उतरवून घेतो. लॅबमध्ये तो मुकाट्याने कंपाइल होतो, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलतो, आणि घरी एखादी हेडर फाइल (फंक्शनांच्या घोषणांची फाइल) सापडत नाही म्हणून अडून बसतो. सोर्सपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याच्या या कामाला ‘बिल्ड’ म्हणतात. यंत्रायंत्रांतील या फरकांची माहिती नेमकी कोठे नोंदवून ठेवायची, हा प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षांचा आहे.

बेल लॅब्जमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये ‘मेक’ हे बिल्डचे साधन लिहिले, तेव्हा अडचण साधी होती. त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्राममधील चूक शोधण्यात वाया गेली होती, कारण सोर्स दुरुस्त झाला होता, पण त्यापासून कंपाइल केलेली ऑब्जेक्ट फाइल जुनीच राहिली होती. काय बदलले आणि म्हणून काय पुन्हा कंपाइल करायचे, एवढेच मेक ठरवत असे. मेकफाइलमधील (मेकला सूचना देणाऱ्या फाइलमधील) आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, हा नियम फेल्डमन यांना लवकरच खटकू लागला होता. परंतु तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच राहिला. फाइलच्या नावातील मोकळी जागाही मेकला मानवत नाही, त्यामुळे ‘माझे प्रकल्प’ नावाचे फोल्डर त्याला दोन वेगळ्या फाइली वाटतात.

पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची प्रत्येक कंपनीची आवृत्ती वेगळी झाली. सोर्समध्ये ‘हे यंत्र सनचे असेल तर असे, व्हॅक्स असेल तर तसे’ अशा अटी भरल्या जाऊ लागल्या, आणि सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला मेकफाइल उघडून आपल्या यंत्राच्या ओळी हाताने चालू कराव्या लागत. डेव्हिड मॅकेन्झी यांनी 1991 मध्ये तयार केलेल्या ‘ऑटोकॉन्फ’चे महत्त्व माझ्या मते याच ठिकाणी आहे. त्याने घडवलेली ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट यंत्राच्या नावावर विसंबत नाही. ती चार-दोन ओळींचा सी प्रोग्राम लिहिते, तो कंपाइल करून पाहते आणि जमले तर ‘ही सुविधा आहे’ अशी नोंद करते. बेळगावच्या खडेबाजारातील दुकानदारही गिऱ्हाइकाचे गाव विचारत बसत नाही. त्याचे पहिले वाक्य ऐकून मराठीत बोलायचे की कन्नडमध्ये हे ठरवतो.

‘एसटीआरएलसीपीवाय’ या फंक्शनचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. मजकुराची नक्कल करताना राखीव जागेबाहेर लिहिले जाऊ नये म्हणून ते 1998 मध्ये ओपनबीएसडी या युनिक्स-वळणाच्या सिस्टिममध्ये आले, परंतु लिनक्सवरील नेहमीच्या जीलिबसी लायब्ररीत ते 2023 मधील 2.38 या आवृत्तीपर्यंत नव्हते. ‘लिनक्स म्हणजे हे फंक्शन नाही’ असे गृहीत धरून ज्यांनी त्याची स्वतःची प्रत सोर्समध्ये ठेवली, त्यांच्या प्रतीची नव्या हेडरमधील घोषणेशी गाठ पडून बिल्ड मोडू शकते. ज्यांनी तपासणी करून निर्णय घेतला होता, त्यांना काहीच बदलावे लागत नाही.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. कॉन्फिगर चालवायला युनिक्सचे शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) लागते आणि विंडोजवर ते मुळात नसते. शिवाय फोनसाठीचा प्रोग्राम लॅपटॉपवर कंपाइल करताना तपासणीचा प्रोग्राम तिथे चालवून पाहता येत नाही. वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या ‘आयटीके’ या प्रकल्पाला विंडोज व युनिक्स दोन्ही हवे होते, म्हणून किटवेअर कंपनीने 2000 च्या सुमारास ‘सीमेक’ तयार केले. ते स्वतः बिल्ड करत नाही. एकाच वर्णनातून मेकफाइल किंवा व्हिज्युअल स्टुडिओचा प्रकल्प तयार करून देते. 2006 मध्ये लिनक्सवरील डेस्कटॉपच्या केडीईसारखा अवाढव्य प्रकल्प सीमेककडे वळला, आणि त्यानंतर त्याच्याविषयी शंका घेणारे कमी झाले. वेगासाठी ‘निंजा’, सुटसुटीत मांडणीसाठी 2013 चे ‘मेसॉन’ ही बिल्डची साधने म्हणजे पुढची भर. सीमेकच्या 2020 मधील 3.19 या आवृत्तीत ‘प्रीसेट’ आले, त्यामुळे घरचे आणि लॅबचे पर्याय सोर्ससोबत एकाच फाइलमध्ये ठेवता येऊ लागले.

मात्र तपासणी ‘नाही’ म्हणाली की बिल्ड गुपचूप पुढे जाते, आणि तेच 2024 च्या मार्चमध्ये उघड झालेल्या, ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदरवाजा दडवल्याच्या प्रकरणात वापरले गेले. चोरदरवाजा उघडणारी मुख्य ओळ केवळ प्रकाशित टारबॉलमधील (सोर्सच्या गठ्ठ्यातील) एका मॅक्रो फाइलमध्ये होती. सोर्समधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ती नव्हती. गिटमधील सीमेकच्या फाइलमध्ये मात्र लिनक्सच्या ‘लँडलॉक’ या संरक्षण-सुविधेच्या तपासणीत एक टिंब जादा घातलेले होते. त्या टिंबामुळे तपासणीचा प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर कंपाइल होत नसे, आणि सीमेक दरवेळी ‘लँडलॉक उपलब्ध नाही’ अशी नोंद करून पुढे जाई. चोरदरवाजा उघडकीस आल्यावर मूळ देखभालकर्ते लासे कॉलिन यांनी ते टिंब काढून टाकले.