मंडळावरचे खासदार आणि 'लाभाचे पद'

संसदेच्या अधिवेशनात संबंधित खात्याचे मंत्री उठून ठरलेले वाक्य वाचतात: सभागृहाने आपल्या सदस्यांमधून, अध्यक्ष ठरवतील त्या रीतीने, अमुक मंडळावर दोन सदस्य निवडून द्यावेत. आवाजी मतदानाने प्रस्ताव मंजूर होतो. मग अर्ज भरण्याच्या, मागे घेण्याच्या आणि मतदानाच्या तारखा बुलेटिनमध्ये छापून येतात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर एकल संक्रमणीय मताने, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देऊन, निवडणूक होते. बहुतेकदा ती वेळ येत नाही, कारण पक्षांचे आधीच ठरलेले असते.

ही रीत ब्रिटिशकालीन केंद्रीय विधिमंडळापासूनची. पुढे रबर, एम्स (१९५६), कोकणातल्या बागायतदारांच्या जिव्हाळ्याचे नारळ मंडळ (१९७९), मसाला मंडळ (१९८६) अशा कायद्यांत लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचा एक, हे प्रमाण रुळले.

अशा मंडळांवरच्या खासदारांबाबत खरा गुंता 'लाभाचे पद' या शब्दांचा आहे. घटनेच्या कलम १०२ नुसार सरकारच्या हाताखाली असे पद घेणारा खासदार अपात्र ठरतो. पण लाभ म्हणजे काय, हे घटनेत सांगितलेले नाही. १९५९ च्या कायद्याने सूट असलेल्या पदांची यादी केली आणि दैनिक भत्ता, प्रवासभत्ता अशी खर्चाची भरपाई लाभात धरली नाही. मार्च २००६ मध्ये राज्यसभेच्या एका सदस्या राज्याच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदामुळे अपात्र ठरल्या. आपण एक पैसाही घेतला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही: पैसे घेतले की नाही याला महत्त्व नाही, पदातून लाभ मिळू शकतो का, एवढेच पाहायचे. मग संसदेने सूट असलेल्या पदांची यादी घाईघाईने लांबवली, तीही १९५९ पासून लागू करून. राष्ट्रपतींनी विधेयक फेरविचारासाठी परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये त्यावर सही झाली.

या गदारोळात मोलाचा फरक पुसला गेला. सरकारने नेमलेला खासदार सरकारचा मिंधा होऊ शकतो. सभागृहाने मंडळावर पाठवलेला खासदार मात्र सरकारला जाब विचारायलाच तिथे बसलेला असतो. दोघांना एकाच मापाने मोजणे चुकीचे होते.

महाराष्ट्रात विद्यापीठांच्या अधिसभेवर (सिनेटवर) जाणारे आमदार २०१६ च्या कायद्यानुसार निवडून येतच नाहीत. विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती त्यांना नामनिर्देशित करतात. सभागृहापुढे मतदानाचा प्रश्नच येत नाही.