आत्मिक वाढ, ख्रिस्ती

बाप्तिस्म्यानंतर माणसाच्या स्वभावात, वागण्यात आणि देवाशी असलेल्या नात्यात जन्मभर होत राहणारा बदल. धर्मशास्त्रातला त्याचा जुना शब्द पवित्रीकरण. या बदलात माणसाचा वाटा किती आणि देवाचा किती, हा वाद जुना आहे. मी लावले, अपुल्लोस या सहकाऱ्याने पाणी घातले, वाढ मात्र देवाने दिली, असे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रातून कळवले. फिलिप्पैच्या मंडळीला मात्र त्यानेच आपले तारण भीत-कापत साधून घ्यायला सांगितले, आणि त्याच दमात, ती इच्छा व कृती घडवणारा देवच आहे, असेही जोडले. कोरडवाहू शेती करणाऱ्या वैदर्भी माणसाला यात विसंगती दिसू नये. पाऊस त्याच्या हाती नसतो; निंदण आणि डवरणी असते.

नागपुरात या निंदण-डवरणीचा सर्वांत व्यवहारी गुरू कॅथलिक कॅथेड्रलच्या नावातच आहे : संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२). शहरात हे नाव मुख्यतः कॉलेजमुळे ‘एसएफएस’ एवढेच उरले आहे आणि त्या आद्याक्षरांमागे त्यांची शिकवण झाकली गेली आहे. त्यांच्या नावाच्या संघाचे फ्रेंच मिशनरी एकोणिसाव्या शतकात येथे आले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला, १९५३ मध्ये महाधर्मप्रांत. फ्रान्सिस यांनी १६०९ साली प्रपंचातल्या लोकांसाठी भक्तीचे पुस्तक लिहिले, हे त्या काळी नवलाचे होते. कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसला किंवा संसारी माणसाने संन्याशासारखी पै जोडायचे सोडले, तर ती भक्ती हास्यास्पद ठरेल, असे ते म्हणत. प्रत्येकाची साधना त्याच्या धंद्याला, ताकदीला आणि जबाबदाऱ्यांना मानवणारी हवी. बागेतून बाहेर पडताना दोन-चार फुले हाती घ्यावीत आणि दिवसभर हुंगावीत, तसा सकाळच्या मननातला एखादा विचार सोबत ठेवावा, हा त्यांचा सल्ला. रात्री आत्मपरीक्षण. मोठ्या तपापेक्षा सौम्यपणा, सहनशीलता असे रोज उपयोगी पडणारे लहान सद्गुण त्यांना महत्त्वाचे वाटत. पवित्रतेचे पाचारण सर्वांनाच आहे, हे कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ठासून सांगितले. त्याआधी १९६३ मध्ये उपासनेत लोकांनी जाणतेपणी, सक्रिय भाग घ्यावा असे ठरले. मराठीतून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होऊ लागली ती याच वळणावर.

प्रोटेस्टंट परंपरेत वाढीचे साधन पुस्तक, म्हणजे बायबल. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांनी शाळा काढली, त्यामागे हाही हेतू होता : शास्त्र स्वतः वाचायचे तर अक्षरओळख हवी. सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रल येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांतल्या काही बालकांना बाप्तिस्मा देत, काही केवळ जाणत्यांना. नव्या मंडळीने दोन्ही पद्धती मान्य केल्या. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यानेही पुढे स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली द्यायची असते. आईबापांचा विश्वास वारशाने पुरत नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य होते.

रोजचा शिरस्ता साधा आहे. सकाळी शास्त्रपाठ व मनन, रात्री कुटुंबप्रार्थना, रविवारी उपासना, आठवड्यातून एखाद्या घरी प्रार्थनासभा. सभेत गाणी, वचन, कोणाची साक्ष, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि शेवटी चहा. महिला मंडळ, तरुण संघ आणि संडे स्कूल यांत शिकवणाराच बहुधा जास्त शिकतो. सभांची संख्या म्हणजेच वाढ, ही गल्लत मात्र सर्रास होते. पौलाने गलतीकरांना आत्म्याचे फळ म्हणून प्रीती, आनंद, शांती, ममता असे गुण सांगितले. त्यात हजेरीपट नाही. जावेशी वर्षभर अबोला धरून सभेत मात्र पहिली प्रार्थना आपणच करणे, हे उदाहरण कोणत्याही मंडळीला ओळखीचे वाटेल.

साधना आपल्या भाषेत हवी, हा धडा कवी नारायण वामन टिळकांकडून मिळतो. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्याकडे त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले होते. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांनी तो स्वतः अभ्यासला, टिपणे काढली, वाद घातला आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. म्हणूनच त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडले नाही. मराठी उपासनेत आजही पेटी-तबल्यावर भजने होतात.

उपवासकाळाचे (लेंट) चाळीस दिवस राखेच्या बुधवारी सुरू होतात. कोणी मटण सोडते, कोणी मोबाइल. वाचलेले पैसे दानपेटीत जातात. नागपुरात हा काळ उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) एप्रिलच्या मध्याला आला, की येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांची बारा ते तीनची उपासना ऐन उन्हात भरते. म्हातारी माणसे डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून साडेअकरालाच येतात आणि कूलरसमोरचे बाक धरतात.