जागा शिल्लक, तरी कोटा संपला

"सर, शंभरातले साठच जीबी वापरलेत, तरी 'डिस्क कोटा एक्सीडेड' येतंय. क्लस्टर बंद पडलाय का?"

घणसोलीहून ठाण्याच्या गाडीत बसल्याबसल्या एका पीएचडीवाल्या मुलीने पाठवलेला मेसेज. क्लस्टर, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचे एकत्र जोडलेले कॉम्प्युटर, ठणठणीत होता. तिने होममध्ये, म्हणजे क्लस्टरवरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, एक झिप उघडली होती, आणि तिच्यातून चार लाख बारकी चित्रं बाहेर पडली होती.

कोटे, म्हणजे प्रत्येकाला आखून दिलेल्या मर्यादा, दोन असतात, एरर मात्र एकच येते. घोळ होतो तो इथे. एक कोटा जागेचा, जीबीत मोजायचा. दुसरा आयनोडचा, म्हणजे फायली किती त्याचा. तुर्भ्याच्या बाजारातला गाळा डोळ्यांपुढे आणा. गाळ्यात माल किती मावतो हा एक हिशोब, वहीत ओळी किती उरल्या हा दुसरा. पन्नास किलो कांद्याची गोणी असो की पाव किलो लसणाची पिशवी, वहीत ओळ एकच जाते. पिशव्याच आणत राहिलात तर गाळा अर्धा रिकामा असताना वही भरते.

ती ओळ म्हणजे आयनोड. मालक कोण, परवानग्या काय, आकार किती, डेटा डिस्कवर कुठे, हे सगळं तिच्यात. फायलीचं नाव मात्र नसतं. ते डिरेक्टरीत राहतं. फोल्डरलाही एक ओळ, सिम्बॉलिक लिंकलाही, म्हणजे दुसऱ्या फायलीकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या फायलीलाही, एक.

बारक्या फायली जागाही खातात, ते वेगळंच. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीत, ब्लॉक (जागेचा सर्वांत लहान तुकडा) साधारणपणे ४ केबीचा असतो, म्हणून १०० बाइटची फाइलही ४ केबी अडवते. अशा १० लाख फायलींत मजकूर १०० एमबी, अडलेली जागा ४ जीबीच्या आसपास.

कोणता कोटा संपलाय हे ओळखायला मी आधी 'टच' ही कमांड चालवून नवी रिकामी फाइल बनवायला सांगतो. बनली, पण तिच्यात काही लिहिता येत नाही, तर सहसा जागा संपलेली. बनतच नाही, आणि जुन्या फायलीत ओळ जोडता येते, तर आयनोड संपलेत. जॉब, म्हणजे क्लस्टरला दिलेलं काम, संपल्यावर शून्य बाइटच्या आउटपुट फायली दिसल्या की मला पहिला संशय जागेचाच येतो.

'डीएफ -आय' ही कमांड अख्ख्या फाइल सिस्टिमचे आयनोड दाखवतं, तुमच्या वाट्याचे नाही. त्याच्यावर विसंबू नका. लस्टर, म्हणजे मोठ्या क्लस्टरांवर वापरतात ती फाइल सिस्टिम, असेल तर 'एलएफएस कोटा' चालवा. त्यात जागेचा आणि फायलींचा हिशोब शेजारीशेजारी येतो, आणि मर्यादा ओलांडलेल्या आकड्यापुढे चांदणी असते. सॉफ्ट लिमिट ओलांडली तर थोडे दिवस मुदत मिळते, हार्डला ती सोय नाही.

फायलींवर एवढा कटाक्ष कशाला, असं मुलं विचारतात. लस्टरमध्ये डेटा वेगळ्या सर्व्हरवर आणि ही वही वेगळ्या सर्व्हरवर असते. कुणी एकाने लाखो फायली उघडझाक केल्या की बाकीच्यांचं फायलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस'सुद्धा रेंगाळतं.

तिला सांगितलं, चित्रांची एक टार, म्हणजे सगळी एकत्र बांधलेली एकच फाइल, करून ठेव, जॉब लागला की स्क्रॅचवर, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या जागेत, उघड, होममधली सुटी चित्रं काढून टाक. पाच मिनिटांनी उत्तर आलं. मेसेज करण्याआधीच तिने जागा करायला म्हणून २० जीबीचा चेकपॉइंट, म्हणजे मॉडेलचं ट्रेनिंग जिथवर आलं ते जपून ठेवलेली फाइल, उडवला होता. तीन दिवसांचं ट्रेनिंग गेलं, आणि वहीतली ओळ सुटली एकच.