सर्जन व्हायचंय का? आधी सुई धरून बघा

चार्ल्स डार्विन आधी डॉक्टर व्हायला निघालेला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1825 मध्ये वडिलांनी एडिनबरोला मेडिकलला घातलं, तिथे त्याने दोन ऑपरेशन्स बघितली, एक तर लहान मुलाचं, आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून पळून गेला. तेव्हा भूल देणं नव्हतंच, ईथर आलं 1846 मध्ये. पण तिथल्याच प्लिनियन सोसायटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये, त्याचा जीव रमला आणि 1827 मध्ये समुद्री जीवांवरचं पहिलं संशोधन त्याने तिथेच मांडलं. कोर्सने पळवलं, ग्रुपने नाद लावला.

आता भूल आहे, तरी विद्यार्थ्याची ओटीतली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली, जागा फारशी सुधारलेली नाही. चार जणांच्या मागे उभं राहायचं, दिसते ती सिनियरची पाठ, नशीब असेल तर रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी ठेवायचं हत्यार, धरायला मिळतो आणि हात भरून येतो. एवढ्यावर करिअर ठरवायचं?

कॉलेजांमधले सर्जरी क्लब इथेच कामाला येतात. भाषणं वगैरे ठीक आहे, खरी मजा टाके घालायच्या वर्कशॉपला. सिलिकॉनच्या पॅडवर पहिला टाका घालताना जवळपास सगळेच वाकडी सुई सरळ ढकलतात आणि ती वाकते नाहीतर निसटते. मग कोणीतरी रेसिडेंट, म्हणजे सर्जरीचं पुढचं शिक्षण घेणारा डॉक्टर, सांगतो, टोकाजवळ धरू नको, मागच्या बाजूला धर, कातडीत काटकोनात घाल आणि मनगट फिरव, सुई तिच्या गोलाईनेच बाहेर येईल. दुर्बिणीच्या सर्जरीचा ट्रेनर बॉक्स, म्हणजे पोटाच्या जागी ठेवलेला सरावाचा डबा, तर अजून भारी, हात डावीकडे नेला की आत टोक उजवीकडे जातं, कारण हत्यार पोटाच्या छिद्रावर टेकून फिरतं, शिवाय स्क्रीनवर खोली कळत नाही. सुरुवातीला अगदी रडायला येतं, पण सरावाने मेंदू ते उलटं गणित जुळवून घेतो. हे हाताचं कौशल्य आहे, जन्मजात देणगी नाही, हे इथे पटतं.

आणि न विचारता येणारे प्रश्न. ओटीत चक्कर आली तर? येते हो, बऱ्याच जणांना येते, नाडी मंदावते, बीपी पडतं, त्यात उपाशीपोटी गुडघे ताठ ठेवून उभं राहिलं की झालंच. खाऊन जा, गरगरलं तर सरळ सांगून खाली बस. मुलाबाळांचं काय, ड्युटी किती, हेही एखादी सर्जन बाई समोर बसून सांगते तेव्हा ऐकावंसं वाटतं.

गरज आहेच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2015 च्या कमिशनने म्हटलं होतं की जगात 5 अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी सर्जरी मिळत नाही.

फक्त 'आमच्या क्लबमुळे आवड वाढली' असे सर्व्हे जरा जपून वाचावेत. क्लबात येतात तेच मुळात ज्यांना थोडी ओढ असते, आणि वर्कशॉप संपल्या संपल्या विचारलं तर कोण नाही म्हणणार? खरं तपासायचं तर तीच मुलं काही वर्षांनी कुठल्या ब्रँचला गेली ते बघावं लागेल. आणि एखादीने दहा टाके घालून 'नाही बाबा, मला मेडिसिनच' असं ठरवलं, तर तेही क्लबचंच यश धरायला हवं.