सालीवरून साका कळत नाही

एप्रिलात देवगडला मामाच्या बागेत आंबा भरायला माणसं कमी पडत होती. एक मुलगा काम विचारायला आला. मानेवर जहाजाचा नांगर गोंदलेला, भुवईत बारीक बाळी. तो बेड्याबाहेर, म्हणजे फाटकाबाहेर पडताच आजी म्हणाली, "माका ता आवडणा नाय. असल्या झिलाक कामार ठेवू नको." बोलताना तिने पदर सावरला आणि मनगटावरची तुळस दिसली. लग्नाआधी गोंदलेली, आता हिरवट-निळी, कडा फुटलेली.

आजीचं पहिलं वाक्य आवडीचं आहे. त्यावर कुणाचा आक्षेप असू नये. दुसऱ्या वाक्यात मात्र तिने कातडीवरून माणसाचा स्वभाव ठरवला.

कातडीवर खरोखर काय असतं? सुई शाई त्वचेच्या आतल्या थरात सोडते. शरीराला ते परके कण वाटतात, म्हणून भक्षक पेशी ते गिळतात. पण पचवता येत नाहीत. पेशी मेली की कण सुटतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवून दिलं. आजीची तुळस इतकी वर्षं अशीच हातोहात सांभाळली गेली आहे. गोंदणाच्या शाईतली काजळी काळी असूनही निळसर दिसते, कारण तांबडा प्रकाश खोल जाऊन काजळीत शोषला जातो आणि निळा वरच्या थरातच विखरून परत येतो. नांगरातही हेच घडतं.

मग एक पवित्र आणि दुसरा वाह्यात का वाटतो? थोडं उत्तर सवयीत आहे. जे वारंवार दिसतं ते आवडू लागतं, असं रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. तुळस, नथ, बुगडी, भिकबाळी आपण जन्मापासून बघतो. भुवईतली बाळी नाही.

दुसरी खोड जास्त घातक. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांना गुण कसे देतात, ते एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये तपासलं. ज्याची शरीरयष्टी चांगली, त्याला बुद्धी आणि चारित्र्यातही भरघोस गुण! एका गोष्टीचा उजेड बाकी सगळ्यावर पडतो, तशी सावलीही पडते. इटलीचे डॉक्टर लोम्ब्रोसो यांनी तर १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगाराची लक्षणं मांडली आणि गोंदणालाही त्याच नजरेने पाहिलं. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापं इतरांशी ताडून पाहिली. गुन्हेगाराची म्हणून वेगळी शरीराची ठेवण सापडली नाही. हा निष्कर्ष १९१३ मध्ये छापला गेला, तरी आपण अजून मुलाखतीला आलेल्याची मान बघतो.

रक्तपेढीही गोंदलेल्याला वर्षभर थांबवते, पण तिचं कारण सुईतून पसरू शकणारी कावीळ आणि एचआयव्ही हे आहे. कान टोचलेल्यालाही तोच नियम. मुदत संपली की तो दाता. पूर्वग्रहाला अशी मुदत नसते, म्हणून मला त्याची चीड येते.

हापूस विकणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको. साल केशरी, वास घमघमीत आणि कापल्यावर आत साका, म्हणजे स्पंजासारखा खराब झालेला गर, हे आम्ही दर हंगामात सोसतो.

मामाने दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावलं आणि पुढ्यात एक क्रेट ठेवला. त्याने फळं हातात तोलत आकारानुसार लावली. देठाजवळ चीक सांडून डागाळलेली चार फळं न सांगता बाजूला काढली. आजी पडवीतून बघत होती.