सिग्नल पेप्टाइड आणि एनएलएस: एकाची छाटणी, दुसऱ्याला हातही नाही

नव्या प्रथिनाने पेशीत कुठे जायचं, हे त्याच्याच अमिनो आम्लांच्या साखळीत ठरलेलं असतं. हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. घोळ त्यापुढे होतो. आंतर्द्रव्यजालिकेकडे (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याकडे) नेणारं सिग्नल पेप्टाइड आणि केंद्रकाकडे नेणारा एनएलएस (न्यूक्लिअर लोकलायझेशन सिग्नल) यांना सर्रास एकाच माळेत ओवलं जातं.

इन्सुलिन घ्या. सुरुवातीची साखळी ११० अमिनो आम्लांची, त्यातली पहिली २४ म्हणजे सिग्नल पेप्टाइड. त्याचा मधला भाग पाण्याशी फटकून वागणारा. असा तुकडा रायबोसोममधून, म्हणजे प्रथिन विणणाऱ्या यंत्रातून, डोकावतो न डोकावतो तोच एसआरपी (सिग्नल ओळखणारा कण) त्याला धरतो, साखळीची वाढ मंदावते आणि रायबोसोम थेट जालिकेच्या पटलावर जाऊन बसतो. मग दोरा सुईत ओवावा तशी, घडी न पडलेली साखळी पटलातल्या सेक६१ या वाहिनीतून आत सरकते. तिथे सिग्नल पेप्टिडेज हे विकर तो तुकडा कापतं, उरतात ८६. या कापाला फार नेमकेपणा लागतो. चोविसाव्या जागी अॅलनिनऐवजी अॅस्पार्टिक आम्ल आलं, तर छाटणी बिघडते आणि तान्ह्या बाळाला मधुमेह होऊ शकतो.

एनएलएसची तऱ्हाच वेगळी. एसव्ही४० विषाणूच्या टी-अँटिजेन या प्रथिनातला, १९८४ मध्ये नेमका ओळखला गेलेला एनएलएस अवघ्या सात अमिनो आम्लांचा, त्यात चार लायसिन आणि एक आर्जिनिन. म्हणजे धनभारित, पाण्यात रमणारा. तो साखळीत कुठेही चालतो, फक्त घडी पडल्यावर पृष्ठभागावर दिसायला हवा. कारण इथे प्रथिन सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) पूर्ण तयार होतं, घडी घालतं आणि मग इम्पोर्टिन हे वाहक प्रथिन त्याला केंद्रकछिद्रातून आत नेतं. आत रॅन-जीटीपी (जीटीपी रेणू धरलेलं रॅन प्रथिन) भेटलं की इम्पोर्टिन प्रथिनाला सोडतं.

एनएलएस मात्र जागच्या जागी राहतो. आपल्या पेशी विभागताना केंद्रकपटल विरघळतं, आतली प्रथिनं बाहेर सांडतात आणि त्यांना परत आत शिरावं लागतं. (यीस्टमध्ये पटल टिकतं, तरीही एनएलएस कापला जात नाही, कित्येक प्रथिनांची आत-बाहेर ये-जा सतत चालूच असते.) इन्सुलिनला मात्र सायटोसोलमध्ये परतायचंच नसतं.

एकाच प्रथिनात दोन्ही असतील तर? सहसा सिग्नल पेप्टाइड बाजी मारतं: रायबोसोममधून तेच आधी बाहेर येतं, आणि जालिकेत शिरलेल्या एनएलएसपर्यंत सायटोसोलमधलं इम्पोर्टिन पोहोचत नाही.