जपानमध्ये व्याज शून्यावर आलं, तरी कंपन्या कर्ज का घेईनात?

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय, भारताने जपानला मागे टाकलं, जपानी आळशी झाले. एकूण जीडीपीचं एकवेळ बाजूला ठेवा, पण दरडोई उत्पन्न त्यांचं आजही आपल्या दहापटीहून जास्त आहे, आणि आळसाचं म्हणाल तर इथे पुण्यात जपानी शिकून तिकडे नोकरीला गेलेल्या कोणालाही विचारा. मग 30 वर्षं जपानच्या अर्थव्यवस्थेची गाडी अडली कुठे?

डिसेंबर 1989 मध्ये जपानचा शेअर निर्देशांक निक्केई 38,915 वर पोचला, जमिनीचे भावही आभाळाला टेकलेले. बँक ऑफ जपानने, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेने, व्याजदर 2.5 वरून 6 टक्क्यांवर नेला आणि फुगा फुटला. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं, खरी गोष्ट पुढेच आहे.

समजा तुम्ही बाणेरला 80 लाख कर्ज काढून 1 कोटीचा फ्लॅट घेतला आणि भाव 40 लाखांवर आला. पगार चालू, हप्ताही जातोय, पण फ्लॅट विकूनसुद्धा कर्ज फिटत नाही. अशात बँकेने बिनव्याजी कार लोन देऊ केलं तर घ्याल? आधी डोक्यावरचं ओझं उतरवाल. जपानी कंपन्यांनी तेच केलं, माल खपत होता, नफा होता, पण जमिनीच्या जोरावर काढलेली कर्जं तेवढीच आणि जमीन मातीमोल, मग नफा नव्या मशिनरीत न घालता गुपचूप कर्जफेडीत. रिचर्ड कू या अर्थतज्ज्ञाने याला 'बॅलन्स शीट रिसेशन' म्हटलं, म्हणजे ताळेबंद सावरण्याच्या नादात आलेली मंदी. यात एकटी कंपनी बघितली तर वागणं शहाणपणाचंच, पण एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई, त्यामुळे सगळ्यांनी एकदम हात आखडला की सगळ्यांचीच कमाई घटते, वस्तूंचे भाव उतरतात, कर्जाचा आकडा मात्र तोच राहतो, म्हणजे फेडताफेडता ओझं उलट जड होतं. 1999 मध्ये व्याजदर शून्यावर आणला तरी पैसा बँकेतच पडून, घेणारं गिऱ्हाईकच नाही.

ही पोकळी सरकारने स्वतः कर्ज काढून भरली, आज ते जीडीपीच्या दुपटीहून जास्त आहे. मध्येच 1997 मध्ये उपभोग कर, म्हणजे खरेदीवरचा कर, 3 वरून 5 टक्के केला, त्यात आशियाई देशांतलं आर्थिक संकट आलं, नोव्हेंबरात यामाइची सिक्युरिटीज ही बडी शेअर दलाल कंपनी बुडाली.

कंपन्या सावरेपर्यंत काम करायच्या वयाची माणसंच कमी व्हायला लागली होती. मग पैसा जिथे गिऱ्हाईक वाढतंय तिकडे निघाला, चाकणचा ब्रिजस्टोनचा टायर कारखाना त्यातलाच.